तीन ते नऊ, चाळीस

मागच्या महिन्यात अप्पाकाकांचा फोन आला. "तुमच्या त्या ऑनलाइनवर बंदुकीला लावायची दुर्बीण मिळते म्हणे. स्वस्तातली बघ. वानरांनी वाडी खाल्ली."

आमचं घर मुरूड तालुक्यात, समुद्राला लागून. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा पोफळी तर सगळ्या झोपल्याच, आणि साठ-पासष्ट माडांपैकी उभे राहिले अठरा. नवीन लावलेली रोपं अजून धरायची आहेत. म्हणजे काकांचं सगळं उत्पन्न त्या अठरा माडांवर, आणि तेही दोन वर्षांपासून निम्म्यावर आलेलं. फणसाडचं जंगल जवळच. एकेकाळी ती जंजिऱ्याच्या नवाबाची शिकारीची राखीव जागा होती, १९८६ मध्ये अभयारण्य झालं. तिथून वानरांची टोळी येते, कोवळी शहाळी तोडते, अर्धी खाते आणि अर्धी खाली टाकते. काकांच्या मते सगळ्या दुखण्याचं मूळ हेच.

बंदूक म्हणजे माळ्यावरची छऱ्याची. ०.१७७ची, नळी मोडून स्प्रिंग दाबायची, लायसन्स न लागणारी. काकांची खरी ठासणीची बंदूक होती, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची. दर निवडणुकीला ती ठाण्यात जमा करायची आणि परत आणायची, या फेऱ्यांना कंटाळून त्यांनी ती कायमचीच देऊन टाकली.

मी फोनवर म्हटलं, "काका, वानराला मारणं म्हणजे १९७२च्या कायद्याने शिकार. नुसतं जखमी केलं तरी शिकारच, आणि प्रयत्न केला तरीही."

"मारतोय कोण? जरा चटका द्यायचा."

छऱ्याचा चटका कातडीच्या आत जातो हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. तरी मी हो म्हटलं. अठरा माडांचा हिशेब ऐकल्यावर नाही म्हणवेना, आणि खरं सांगायचं तर मला स्वतःलाही स्कोपशी खेळायचं होतं. टार्गेट लावू, काका रमतील, वानरांचं नंतर बघू, असा माझा प्लॅन :)

मग इंजिनियर माणूस करतो ते सगळं केलं. एक्सेल शीट उघडली. शेवटी दोन स्कोप मागवले : बाराशे रुपयांचा ४x३२ आणि साडेचार हजारांचा ३-९x४०. पहिला आकडा म्हणजे किती पट मोठं दिसतं, दुसरा म्हणजे पुढच्या काचेचा व्यास मिलिमीटरमध्ये. व्यासाला पटीने भागलं की डोळ्यात येणाऱ्या प्रकाशाच्या झोताची जाडी मिळते. ३२ भागिले ४ म्हणजे ८. ४० भागिले ९ म्हणजे साडेचारच्या आसपास. कागदावर स्वस्तातला जिंकला! पण काकांच्या वयात बाहुली अंधारातही पाचेक मिलिमीटरच्या पुढे फारशी उघडत नाही, तेव्हा उरलेला उजेड फुकट.

शनिवारी पहाटे मांडव्याची पहिली लाँच पकडली आणि दुपारी वाडीत वीस मीटरवर बिस्किटाच्या खोक्याचा पुठ्ठा टांगला. बंदूक तांदळाच्या गोणीवर टेकवली. कुठलाही स्कोप घेताना एक तपासणी जरूर करा. बंदुकीला हात न लावता डोळा थोडा डावी-उजवीकडे हलवायचा आणि फुली निशाण्यावरून सरकते का बघायचं. बाराशेवाल्याची फुली भरपूर सरकली. साधे स्कोप शंभर यार्डांचं अंतर धरून जुळवलेले असतात, वीस मीटरवर त्यांची फुली तरंगते. महागात पुढची काच फिरवून अंतर जुळवता येत होतं. फुली जागची हलली नाही.

दुसरी गोष्ट मला आधी माहीत नव्हती. स्प्रिंगची बंदूक आधी मागे धक्का देते आणि लगेच पुढे. मोठ्या रायफलीचा दणका जास्त, पण तो एकाच दिशेने. हा उलटसुलट झटका साध्या स्कोपला सोसत नाही. तिसाव्या-पस्तिसाव्या छऱ्याला बाराशेवाल्याची फुली तिरकी झाली, अगदी रेल्वे फाटकाच्या पाटीसारखी. महागाचा टिकला. त्याचा एक क्लिक म्हणजे पाव मिनिटाचा कोन, वीस मीटरवर दीड मिलिमीटरहून जरा कमी. छरे तीन सेंटिमीटर डावीकडे जात होते, वीस-एकवीस क्लिक दिले आणि मधे आले. त्रिकोणमिती आयुष्यात पहिल्यांदा कामाला आली.

(दहा मीटर एअर रायफलच्या स्पर्धेत स्कोप चालतच नाही. दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, आणि समोर फक्त बारीक भोकाची साईट. पनवेलच्या सुमा शिरूर याच प्रकारात २००४च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीत गेल्या होत्या. पुठ्ठ्यावर छरे मोजताना हे आठवलं की आपली पायरी कळते.)

आता काकांची पाळी. उघड्या साईटने मागची खाच, पुढचा दाणा आणि निशाण अशा तीन अंतरांवर एकच डोळा जुळवावा लागतो, आणि वय झालं की तो जुळत नाही. स्कोपमध्ये सगळं एकाच पातळीवर येतं. काकांनी डोळा थेट काचेला चिकटवला. "काळं दिसतंय सगळं." तीन बोटं मागे घ्या म्हटल्यावर जमलं. पाचपैकी दोन छरे पुठ्ठ्याला लागले. मग ते बराच वेळ काहीच बोलले नाहीत.

चारच्या सुमाराला टोळी आली. काकांनी बंदुकीकडे हात नेला. मी म्हटलं, "आधी नुसतं बघू," आणि स्कोप सोडवून हातात घेतला. नऊवर हात थरथरतो, चित्र नाचतं, म्हणून विहिरीच्या कठड्यावर टेकवला. वानरं शहाळी तोडत होती, ते खोटं नव्हतं. पण मला मागच्या झावळ्या दिसल्या. पाती कात्रीने कापल्यासारखी, प्रत्येक झावळीवर समोरासमोर त्रिकोण. वाऱ्याने झावळी अशी फाटत नाही. शेंड्याच्या मधल्या सुईपाशी भोक, आणि भोकातून चघळलेला चोथा बाहेर.

"काका, हा गेंड्या भुंगा आहे."

एकेक माड बघत गेलो. अठरापैकी अकरा. हा भुंगा सुई आणि कोवळी पोय आतूनच कुरतडतो, मग फळ धरणार कुठून? आणि तो वाढतो कुठे, तर कुजक्या माडांच्या खोडांत आणि शेणखतात. वादळात पडलेली खोडं विहिरीमागे रचून ठेवलेली होती. सरपणाला होतील म्हणून. वरचं एक खोड कुदळीने फोडलं तर भुसा, आणि भुशात अंगठ्याएवढ्या पांढऱ्या अळ्या, अर्धवर्तुळात वळलेल्या.

काका कठड्यावर बसले. "म्हणजे मीच पाळले की."

रविवार खोडं जाळण्यात गेला. शेणखताचा खड्डा उपसला. माडावर चढणाऱ्या गड्याने तारेच्या आकड्याने चार भुंगे ओढून काढले आणि सुईच्या बेचक्यात वाळू आणि निंबोळी पेंड भरली. उरलेले सात माड पुढच्या खेपेला. वानरं आपली वेळेवर आली आणि गेली.

बंदूक परत माळ्यावर. बाराशेवाला परत पाठवला. महागाचा काकांनी ठेवून घेतला.

काल पुन्हा फोन. "सातव्या माडाचं भोक बघतोय. नऊवर केलं तरी धुरकट दिसतं. काच खराब आहे का रे?"

मी विचारलं, "डाव्या डोळ्याने बघा बरं."

थोडा वेळ शांतता. "डाव्याने स्वच्छ आहे."

अलिबागला मोतीबिंदूची तारीख घेतली आहे. या शनिवारी मी परत जातोय, उरलेल्या माडांसाठी आणि त्यांना घेऊन जायला.