न्हाणीघर कोणासाठी?



आपल्या वस्तीत घराचे काम निघाले की पैसा कुठे कुठे जातो, हे माझ्यासारख्या हिशेब लिहिणाऱ्या कारकुनाच्या लगेच ध्यानात येते. समोरच्या खोलीला चकचकीत फरशी, तथागत आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांसाठी कोनाडा, दाराला नक्षी, पुढे ओटा. त्यात गैर काहीच नाही. ज्यांचे आजोबा कुडाच्या घरात राहिले त्यांनी हौस का करू नये? परंतु न्हाणी-संडासाची पाळी येते तेव्हा उरलेल्या विटा, उरलेले सिमेंट आणि संपलेला पैसा एवढेच शिल्लक असते. घरातील बाईमाणसाला जिथे रोज जावेच लागते, त्या जागेविषयी कोणी विचारविनिमय करीत नाही.

आमचे घर नांदुरा तालुक्यात, म्हणजे घाटाखाली. जमीन काळी, भारी, पाणी खारपाणपट्ट्याचे. जुनी न्हाणी म्हणजे चार शहाबादी फरश्या, तीन बाजूंनी पत्रे आणि चौथ्या बाजूला जुन्या लुगड्याचा पडदा. आई व पत्नी उजाडण्याआधी आंघोळ उरकीत, तीही अंगावर पातळ ठेवून. सांडपाणी सरळ गल्लीत. मुलगी दहावीला गेली तेव्हा तिने एकदाच सांगितले, "बाबा, कडी पाहिजे." संडास अंगणाच्या टोकाला, दोन पायऱ्या चढून. आईने सत्तरी ओलांडली, गुडघे धरलेले. उकिडवे बसणे जमेना म्हणून ती संध्याकाळनंतर पाणी पिणेच टाळू लागली होती. हे तिने मला सांगितले नाही. सुनेला सांगितले आणि सुनेने मला.

भविष्य निर्वाह निधीतून ८०,००० रुपये उचलले आणि २०२२ च्या फेब्रुवारीत काम काढले. आईचे म्हणणे, "कायले खर्च करतं बाबू? माहं काय, आज हाये उद्या नाई."

पहिला वाद मिस्त्रीशी झाला. ते म्हणाले, सेप्टिक टँक बांधून टाका, वीस वर्षे पाहायचे काम नाही. मी विचारले, "आणि विसाव्या वर्षी?" ते सहज बोलून गेले, "तवा बोलावता येते की कोणीतरी." हा 'कोणीतरी' कोण असतो, हे आपल्या समाजाला सांगावे लागत नाही. मैला उपसणारा ट्रॅक्टर आमच्या बोळात वळत नाही, म्हणजे माणूसच उतरणार. टाकीत साठलेल्या वायूने एक पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो. अशा बातम्या आपण वाचतोच.

हाताने मैला उचलण्याच्या प्रथेविरुद्ध पहिला कायदा १९९३ साली झाला. २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात वा सेप्टिक टँकमध्ये उतरवणे गुन्हा ठरवले. तो अमलात आला ६ डिसेंबर २०१३ रोजी. तारीख पाहून माझ्या अंगावर काटा आला. मृतांच्या वारसांना १० लाख रुपये द्या, असे सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४ रोजी सांगितले आणि २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात ती रक्कम ३० लाख केली. मेलेल्या माणसाची भरपाई वाढली, माणूस उतरायचा थांबला नाही. आमच्या घरच्या घाणीसाठी कोणाला उतरवायचे नाही, एवढे मी मिस्त्रींना स्पष्ट सांगितले. त्यावर ते दोन दिवस कामावर आले नाहीत. असो.

शेवटी दोन शोषखड्ड्यांचा संडास बांधला. एका वेळी एकच खड्डा चालू ठेवायचा. तो भरला की चेंबरमधून वाट दुसऱ्याकडे वळवायची आणि पहिला दोन वर्षे बंद ठेवायचा. तेवढ्या काळात आतल्या मैल्याचे वास नसलेले, मातीसारखे खत होते. खड्ड्याच्या भिंती जाळीच्या विटांच्या, तळ मोकळा. दोन खड्ड्यांत निदान खड्ड्याच्या खोलीइतके अंतर लागते. आपल्या काळ्या मातीत पाणी लवकर मुरत नाही, म्हणून भिंतीबाहेर चहूबाजूंनी फूटभर वाळू-खडीचा थर भरला. पुष्कळ जण ही वाळू वाचवतात आणि मग पावसाळ्यात "शोषखडे चालत नाहीत" म्हणून ओरडतात. या खड्ड्यांना वायूची उंच नळी लागत नाही, वायू मातीत जिरतो. आंघोळीचे पाणी मात्र यात कधीही सोडू नये; त्यासाठी वेगळा खड्डा केला.

भांडे जास्त उताराचे घेतले, दुकानदार त्याला रुरल पॅन म्हणतात. त्याला दीड-दोन लिटर पाणी पुरते. साध्या भांड्याला दहा-बारा लिटर लागते. नळ काही दिवसांआड येणाऱ्या गावात हा फरक बायकांच्या डोक्यावरच्या हंड्यांत मोजावा. आईसाठी इंग्लिश संडास बसवा, असा पाहुण्यांचा आग्रह होता. परंतु त्याला पाणी जास्त. मग औषधाच्या दुकानातून मधोमध भोक असलेली स्टीलची खुर्ची आणली. ती भांड्यावर ठेवली की आई निवांत बसते, उचलली की बाकीच्यांचे काम होते.

न्हाणी आणि संडास आता घराला लागून एकाच छपराखाली आहेत, मध्ये भिंत. पायऱ्या काढल्या. भिंतीत दोन ठिकाणी धरायला स्टीलचे पाइप पक्के केले. फरशी खडबडीत घेतली. मिस्त्री गुळगुळीत टाइल्स दाखवीत होते, मुलालाही त्याच आवडल्या होत्या. पण ओल्या गुळगुळीत टाइल्सवर म्हातारे माणूस पडले तर खुबा मोडतो आणि मग अंथरूणच. दार बाहेर उघडणारे केले. आत कोणी पडले आणि दार आत उघडणारे असले तर पडलेले माणूसच दाराला अडसर होते. हे गल्लीत कोणाला पटत नव्हते, पाहून मात्र दोन घरांनी दारे फिरवली. नळ प्लास्टिकचे घेतले, कारण खाऱ्या पाण्याने लोखंडी नळ कुजतो. टाइल्सवर पांढरे डाग पडतात ते पडतातच. वर झरोका, आत दिवा, आणि कडी. मुलीने स्वतः दुकानात जाऊन निवडली. तिने आणखी एक गोष्ट मागितली, महिन्यातल्या त्या दिवसांसाठी झाकणाची बादली आणि एक फळी. अशी मागणी आमच्या घरात पहिल्यांदाच मोठ्याने बोलली गेली.

हिशेब ९३,४०० वर गेला. वरचे पैसे पत्नीने बचत गटातून उभे केले. समोरच्या खोलीची फरशी अजून जुनीच आहे, पाहुणे विचारतात.

पहिला खड्डा २०२५ च्या मार्चमध्ये भरला. तो बंद करून चेंबरच्या झाकणावर मी ऑइलपेंटने तारीख लिहिली. २०२७ मध्ये तो मी आणि मुलगा उपसणार आहोत, मुलाला आताच सांगून ठेवले आहे. आई हल्ली सकाळी दहा वाजता, भरल्या उजेडात आंघोळीला जाते. आतून कडी लावते आणि तासभर बाहेर येत नाही. सून बाहेरून हाका मारते, "आई, झालं का?" आतून नुसता पाण्याचा आवाज येत राहतो.