बिडाचं टेबल

आमच्या पिढीतल्या सगळ्या भावंडांना, चुलत असोत की आते, एकच आवाज झोपेतही ओळखू येतो. रंधा मशीन सुरू होताना आधी पट्टा फडफडायचा, मग पाती लावलेल्या फिरत्या ब्लॉकचा सूर चढत जायचा आणि लाकूड टेकलं की तो सूर भरदार व्हायचा. मनमाडच्या आमच्या घरात सकाळ या आवाजाने व्हायची.

मनमाड हे रेल्वेचं गाव. १९०६ साली इथे सुरू झालेल्या रेल्वेच्या इंजिनीअरिंग वर्कशॉपमध्ये पुलांचे गर्डर बनतात. लोखंडाचं काम असलं तरी तिथे सुतारही लागत आणि आमचे आजोबा त्यांतलेच एक. त्यांना आम्ही दादा म्हणायचो. निवृत्तीनंतर फंडाच्या पैशातून त्यांनी हे जुनं मशीन घेतलं. एकाच बिडाच्या सांगाड्यावर वर रंधा, बाजूला गोल करवत आणि दांड्याच्या टोकाला खाच पाडायचा बरमा. एक मोटर, एक पट्टा आणि तीन कामं.

त्या तीन कामांवर आमचं घर चाललं. पावसाच्या आधी पाभरी दुरुस्तीला यायच्या. उन्हाळ कांदा निघाला की चाळीसाठी पट्ट्या चिरायच्या. कांद्याला खालून-बाजूने वारा लागला पाहिजे, म्हणून पट्ट्या एकाच मापाच्या आणि त्यांच्यातली फटही सारखी, याबद्दल दादा फार काटेकोर असत. शिवाय मनमाडचं पाणी! नळाला किती दिवसांनी पाणी येईल याचा भरवसा नसलेल्या गावात प्रत्येक घरात पिंप आणि टाकी. त्यांची झाकणं आणि तिवया आमच्याकडून गेलेल्या. आजही जुन्या गल्लीत एखादं झाकण दिसलं, की कडेच्या गोलाईवरून ते आपलं आहे हे आम्हाला कळतं.

शाळेतून आलो की आमचं काम ठरलेलं. भुसा एका पोत्यात, ढलप्या दुसऱ्या पोत्यात. ढलप्या आजीच्या बंबात जायच्या. सागाचा तेलकट वास, बाभळीचा तुरट, लिंबाचा कडू. डोळे मिटून आम्ही लाकूड ओळखायचो. मशीन चालू असताना मात्र उंबऱ्याच्या आत यायचं नाही, हा नियम कुणासाठीच सैल झाला नाही.

पाती बसवायचा कार्यक्रम रविवारी. आधी मेन स्विच बंद करून फ्यूज काढायचा आणि तो दादांच्या खिशात जायचा. रंध्याला दोन टेबलं असतात. लाकूड ज्यावरून आत जातं ते थोडं खाली, ज्यावर बाहेर पडतं ते पात्याच्या धारेशी समपातळीत. ही पातळी चुकली की फळीच्या टोकाला खड्डा पडतो किंवा फळी मध्येच अडते. दादा बाहेरच्या टेबलावर सागाची सरळ पट्टी ठेवायचे आणि ब्लॉक हाताने सावकाश फिरवायचे. पातं पट्टीला चाटून तिला तसूभर पुढे नेई. डाव्या टोकाला ती जेवढी सरकली, तेवढीच उजव्या टोकाला सरकली पाहिजे. हे मोजायला खुणांची पेन्सिल आमच्या हातात असायची. अचूकपणा म्हणजे काय, हे आम्ही गणिताच्या तासाआधी इथे शिकलो.

रेल्वेच्या लिलावातून कधीकधी जुने लाकडी स्लीपर यायचे. वरून काळे, आतून घट्ट, वर्षानुवर्षं उन्हापावसात मुरलेले. त्यांत मोडक्या खिळ्यांचे तुकडे दडलेले असत आणि एक तुकडा पात्याची धार घालवायला पुरेसा. म्हणून आम्ही मुलं लोहचुंबक घेऊन इंच-इंच तपासायचो. खिळा सापडला की दादा पाच पैसे देत.

दादांनंतर मशीन नानाकाकांकडे आलं आणि त्यांनी त्यात पहिला मोठा बदल केला. मूळचा कटर ब्लॉक चौकोनी होता. असा ब्लॉक फिरताना टेबल आणि पातं यांच्यामध्ये मोठी पोकळी राहते आणि बोट गेलं तर खोल ओढलं जातं. हाताने लाकूड सरकवायच्या रंध्याला गोल ब्लॉकच हवा, असं कारखान्यांच्या सुरक्षा नियमांत सांगितलेलं आहे. काकांनी गोल ब्लॉक बसवला, पांढऱ्या धातूच्या बेअरिंगच्या जागी बॉल बेअरिंग आणि चामड्याच्या सपाट पट्ट्याच्या जागी व्ही-बेल्ट आणले. काही जुन्या कारागिरांना ते रुचलं नाही. दादांचं मशीन बिघडवलं, म्हणाले. काका एवढंच म्हणायचे, “दादांनी फ्यूज खिशात का ठेवला, ते आठवा.”

पुढे प्लायवूड आलं, तयार फर्निचर आलं, पाभरी लोखंडी झाल्या. आम्ही पुण्या-नाशकाला पांगलो. वाटणीच्या वेळी भंगारवाला वजनावर भाव सांगून गेला. आम्ही सगळ्यांनी मिळून नको म्हटलं आणि हिशेबाला बसलो.

मोटरचे मिनिटाला १४४० फेरे. पुलीचं प्रमाण एकास तीन, म्हणजे ब्लॉकचे ४३२० फेरे. दोन पाती धरली तर मिनिटाला ८६४० काप. मिनिटाला सहा मीटर वेगाने फळी सरकवली तर दोन कापांमध्ये जेमतेम ०.७ मिलिमीटर अंतर पडतं. एवढी सफाई देणारं मशीन आजही कामाचं आहे, फक्त त्याला आजचं संरक्षण हवं होतं.

मग करवतीमागे फाळ बसवला. चिरलेलं लाकूड, विशेषतः बाभूळ, आतल्या ताणाने मिटतं, पात्याला चिमटतं आणि उसळून माणसाच्या अंगावर येतं. फाळ चिरलेल्या भागातली फट उघडी ठेवतो. पात्यावर झाकण आलं. लाकूड ढकलायला दांडकं आलं. प्लायवूडसाठी कार्बाइडच्या दातांचं पातं घेतलं. वीज गेली की आपोआप सुटणारा स्विच लावला, म्हणजे ती परत आल्यावर मशीन अचानक सुरू होत नाही. घरच्या सिंगल फेजवर थ्री फेज मोटर चालवायला व्हीएफडी लावला. भुसा ओढायचा पाइप आल्यावर आत्याचा खोकला कमी झाला, याचं आम्हाला सगळ्यात जास्त समाधान.

सांगाडा आणि टेबल मात्र दादांच्या वेळचंच. बीड एकदा मुरलं की सहसा वाकत नाही. टेबलाची सपाटी अजून पट्टी लावली तरी उजेड आरपार जाऊ देत नाही.

ज्यांच्या घरी असं मशीन गंजत पडलं असेल, त्यांना आमचं कळकळीचं सांगणं आहे. ते वजनावर विकू नका, पण जसंच्या तसं सुरूही करू नका. आधी झाकण आणि फाळ बसवा, अर्थिंग करा, ब्लॉक चौकोनी असेल तर बदला. वडिलांची वस्तू राखायची म्हणजे ती वापरणाऱ्याची दहाही बोटं राखायची. मुलांना पाती बसवायला शिकवा आणि फ्यूज तुमच्या खिशात ठेवा.