शून्य टक्क्यांच्या खाली

बीड जिल्ह्यात नदीतल्या जिवांची ओळख करून देणारं एखादं केंद्र असावं, शाळेतल्या पोरांनी तिथं येऊन मासे, कासवं, शिंपले बघावेत, अशी सूचना आमच्या तालुक्यातल्या एका बैठकीत आली, तेव्हा सगळ्यांत आधी हसलो तो मी. सूचना मांडणारी माझीच जुनी विद्यार्थिनी होती. मी उठून म्हणालो, "अगं, इथं माणसांना प्यायला टँकर लागतोय आणि तू माशांची सोय बघतेस?" हशा पिकला. ती खाली बसली. तिच्या हातातल्या कागदावर आणखी काय लिहिलं होतं, ते कुणी विचारलं नाही. मीही नाही. जन्मभर वर्गात उभं राहिलेल्या माणसाला लोकांना हसवणं अवघड जात नाही. त्या दिवशी ते कसब मी एका मुलीचा प्रश्न दाबायला वापरलं, आणि घरी येऊन स्वतःवर खूश होऊन जेवलो.

माझा मुद्दा अगदीच पोकळ नव्हता, म्हणून तर तो मला इतकी वर्षं पुरला. १९७२ च्या दुष्काळाच्या गोष्टी ऐकत मी वाढलो. २०१२-१३ आणि २०१५-१६ चे दुष्काळ तर डोळ्यांदेखत गेले. चारा छावण्या बघितल्या, दिवाळीच्या आसपास कोयते आणि लेकरं घेऊन कारखान्याच्या गाडीत बसणारी गावं बघितली. २०१५ च्या जुलैत पाण्याअभावी परळीचं औष्णिक वीजकेंद्र बंद ठेवावं लागलं. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी गेलं, कारण लातूरला पाणी देणारं मांजरा धरण आटलं होतं. ते धरण आमच्याच केज तालुक्यात धनेगावला आहे आणि ती नदी उगम पावते आमच्याच पाटोदा तालुक्यात, बालाघाटाच्या डोंगरात. अशा जिल्ह्यात पाणी म्हणजे टक्के, आवर्तन आणि टँकरच्या खेपा. बीड शहराला बिंदुसरेची दोनच रूपं ठाऊक: एरवीची, सांडपाणी वाहणारी, आणि १९८९ च्या जुलैतली, एका पुरात वस्त्या धुऊन नेणारी. नदीत कुणी राहतं, हा विचार आमच्या हिशेबात बसतच नव्हता.

पण खरं सांगायचं तर माझ्या हसण्याचं कारण एवढंच नव्हतं. आमचं घर माळकरी. मासळीचं नाव काढलं तरी आई चूळ भरायला लावायची. मासे हा भोयांचा विषय, आपण त्यात लक्ष घालायचं नाही, हे मी शिकलो नव्हतो. ते घरच्या हवेतच होतं. मासा खात नाही म्हणून आपण त्या जिवावर दया करतो, असं मी मनात धरून चाललो होतो. प्रत्यक्षात खाणाऱ्याला निदान त्याचं नाव माहीत होतं. तो कुठं राहतो, कधी अंडी घालतो, हे माहीत होतं. मला काहीच माहीत नव्हतं. माझ्या दयेला बघायचा कंटाळा होता.

शाळेची सहल मुंबईला गेली की मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय मी आवर्जून दाखवायचो. १९५१ साली सुरू झालेलं, वगैरे माहितीही पाठ होती. चारशे किलोमीटरवर नेऊन समुद्रातले मासे काचेतून दाखवणाऱ्या या गुरुजीनं आपल्या तालुक्याच्या कडेनं वाहणाऱ्या गोदावरीत काय पोहतं, हे एकाही पोराला कधी सांगितलं नाही. सांगायला ते माहीत असावं लागतं.

या सगळ्याला पहिली चीर गेली ती माझ्या स्वतःच्या शेतात.

२०१७ मध्ये 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना आली. आमच्याकडचा पाझर तलाव उन्हाळ्यात कोरडा पडला होता. मुरमाड रान सुधारायचं म्हणून पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात मीही गाळ घेतला. जेसीबी भरत होता, ट्रॉल्या येऊन ओतत होत्या आणि मी बांधावर उभा राहून गाळ कुठं टाकायचा ते सांगत होतो. एका ट्रॉलीतून मोठं ढेकूळ घरंगळत आलं. फावड्यानं फोडावं म्हणून मी पुढं झालो, तोच ट्रॅक्टरवरच्या माणसानं ओरडून मला थांबवलं.

"गुरुजी, थांबा! जित्तं हाय ते."

तो भोई समाजातला, वय साठीच्या पुढचं. खाली उतरून त्यानं ढेकळाचा चिखल बोटांनी हळूहळू काढला. आत कासव होतं, ताटलीएवढं. पाठ टणक असते एवढंच मला ठाऊक. या पाठीवर चक्क कातडं होतं, मातकट हिरवं. डोकं पार आत ओढलेलं. त्यानं ते उलटं धरून पोट दाखवलं. मागच्या पायांवर पोटाकडून दोन झडपा येऊन बसल्या होत्या, दार लावून घ्यावं तशा. त्याचं बोट लागलं की झडप आणखी घट्ट व्हायची. "पाणी आटलं की हे गाळात शिरून पडतं," तो म्हणाला. "खात नाही, पीत नाही. पाऊस पडून तलावात पाणी आलं की आपल्या आपण निघतं." आणि जरा थांबून, माझ्याकडं न बघता म्हणाला, "आज निघालं हे एक. आधीच्या ट्रॉल्यांत किती गेले, कुणाला ठाव."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मी वाद घातला असता. मला वाद घालायला जागाच मिळाली नाही. आधीच्या ट्रॉल्यांतला गाळ रानात पसरून झाला होता, त्यावर ट्रॅक्टर फिरला होता. मी तसाच त्या गाळातून चालत गेलो. तोवर ज्यांना मी चुनखडीचे तुकडे समजत होतो, त्यांतला एक उचलला. शिंपला होता, दोन्ही पाळ्या घट्ट मिटलेला आणि वजनाला जड. जड म्हणजे आत जीव होता किंवा नुकताच गेला होता. बाजूलाच उघडे पडलेले होते, आतून मोत्यासारखे चमकणारे, आणि दोन बगळे ते टोकरत होते. आदल्या दिवशी हेच बगळे बघून मी म्हणालो होतो की गाळ कसदार आहे.

मला त्या जागी काय वाटलं, ते सजवून सांगत नाही. लाज वाटली. पण मेलेल्या जिवांपेक्षा मला जास्त लागलं ते दुसरंच. जे मला दिसत नव्हतं, ते नाहीच, असं मी बेधडक धरून चाललो होतो आणि तेच भर सभेत व्यवहारज्ञान म्हणून विकलं होतं. कोरडा तलाव म्हणजे रिकामा तलाव, हे मला कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. मी बघितलं नव्हतं, एवढंच.

नंतर वाचायला लागलो. हे कासव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाइतकंच कायद्याचं संरक्षण त्याला आहे. आपल्या द्वीपकल्पातल्या नद्यांत मऊ पाठीचं आणखी एक मोठं कासव आढळतं, लीथचं कासव. जागतिक यादीत ते आता अतिसंकटग्रस्त आहे. शिंपल्यांचं तर आणखी नवल. ते पाणी गाळत जगतात, आणि त्यांची पिल्लं सुरुवातीला माशांच्या कल्ल्यांना चिकटून वाढतात. मासे गेले की शिंपल्यांची पुढची पिढी थांबते. वाळू उपसली की शिंपल्यांची जागा जाते आणि वाळूत दडणाऱ्या वाम माशाचीही. गेवराई-माजलगावकडच्या गोदाकाठाला वाळूचं राजकारण तोंडपाठ आहे. वाळूत कोण राहतं, हे मात्र आम्ही कधी विचारलं नाही.

इंग्रज अधिकारी कर्नल साइक्स यानं १८३९ साली दख्खनच्या नद्यांतल्या माशांना शास्त्रीय नावं दिली, तेव्हा खुदरी, कोळस, नुक्ता अशी इथल्या लोकांच्या तोंडची नावंच त्यानं लॅटिनात घेतली. परक्या साहेबाला इथल्या मासे धरणाऱ्यांकडून शिकावंसं वाटलं. मी त्यांच्या पोरांना शिकवत होतो आणि त्यांच्याकडून काही शिकायचं असतं, हे मला सुचलं नव्हतं.

२०१९ च्या उन्हाळ्यात दुसरी समजूत गेली. माजलगाव धरण शून्याखाली गेल्याच्या बातम्या होत्या. मी शून्य म्हणजे शून्यच समजत आलो होतो. तोच ट्रॅक्टरवाला मला धरणावर घेऊन गेला. पाणी खूप आत गेलं होतं, पण होतं. थर्माकोलच्या तराफ्यांवरून लोक जाळी ओढत होते. माजलगावची एकूण क्षमता सुमारे ४५४ दशलक्ष घनमीटर. त्यातले ३१२ वापरायचे, त्यांचे टक्के पेपरात येतात. उरलेले १४२ त्या टक्क्यांत धरतच नाहीत. पैठणला जायकवाडीत हा खालचा साठा ७३८ दशलक्ष घनमीटरचा आहे. कडक उन्हाळ्यात त्या अख्ख्या पाण्यातली जीवसृष्टी या न मोजलेल्या पाण्यात गोळा होऊन पावसाची वाट बघते. आणि टंचाई वाढली की पिण्यासाठी आपण उपसायला लागतो तेही हेच पाणी. पिण्याला पहिला हक्क हवाच. त्याबद्दल माझं मत तसूभर बदललेलं नाही. पण तळातलं पाणी उपसताना आपण कुणाच्या वाट्याचं घेतोय, हे माहीत असणं आणि माहीत नसणं यात फरक आहे.

त्या दिवशी जाळ्यात निघाले ते बहुतेक कटला, राहू आणि चिलापी. कटला आणि राहू मूळचे गंगेकडचे, बीज आणून सोडलेले. चिलापी आफ्रिकेची, १९५२ मध्ये भारतात आणलेली. मरळ एकच आली, वाम एकही नाही. "आमच्या आज्याच्या जाळ्यात काय निघायचं, ते माझ्या नातवाला चित्रात दाखवावं लागंल," तो म्हणाला. आणि ते चित्र तरी आपल्याकडं कुठं आहे?

पुढं यात्रेच्या निमित्तानं हरिद्वारला गेलो, तेव्हा चंडी घाटावरचं 'गंगा अवलोकन' संग्रहालय बघितलं. २०२० च्या सप्टेंबरमध्ये त्याचं उद्घाटन झालं. गंगेची संस्कृती आणि गंगेतले जीव तिथं एकाच छपराखाली आहेत. पाप धुवायला आलेल्या माणसाला तिथं कळतं की या पाण्यात डॉल्फिन राहतो, सुसर राहते, कासवं राहतात. श्रद्धेला त्यानं कुठं धक्का लागत नाही. आमच्याबरोबरच्या म्हाताऱ्या बायका सुसरीच्या चित्रासमोर हात जोडून उभ्या राहिल्या आणि मग तिच्या लांब तोंडाबद्दल बराच वेळ बोलत राहिल्या. गोदावरीला आम्ही दक्षिणेची गंगा म्हणतो. अधिक मासात पुरुषोत्तमपुरीला गोदास्नानाला लोटणारी गर्दी मी दर खेपेला बघतो. त्या गर्दीला गोदावरीतले जीव दाखवणारी एक खोलीसुद्धा आपण बांधलेली नाही. आमच्याकडं मोरांसाठी नायगावचं अभयारण्य आहे, पक्ष्यांसाठी शेजारी जायकवाडीचं आहे, जखमी वन्यप्राण्यांसाठी तागडगावला 'सर्पराज्ञी' आहे. पाण्याखालच्यांसाठी जिल्ह्यात असं ठिकाण मी बघितलेलं नाही. त्यासाठी उठलेल्या एका मुलीला मी खाली बसवलं होतं, तेवढं मात्र चांगलं आठवतं.

तिला मी नंतर फोन केला. माफी मागितली. ती म्हणाली, "सर, तुम्ही हसलात त्याचं काही नाही. तुम्ही एवढं तरी विचारायचं होतं, की कोणते मासे." याला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

माझे सगळे प्रश्न सुटलेत असं समजू नका. असल्या केंद्रासाठी मोठी इमारत उठेल, कोनशिला बसेल, टाक्यांतलं पाणी बदलायला माणूस नसेल आणि वर्षभरात मासे मरतील, ही भीती मला आजही आहे. गाळ काढूच नये, असंही मी म्हणणार नाही. माझ्या रानाला त्याचा फायदा झाला, हे नाकारणं खोटेपणा होईल. म्हणून मी आता एवढंच मागतो: नदीकाठच्या जिल्हा परिषद शाळेतली एक खोली, आपल्या नद्यांतल्या माशांची नावं आणि चित्रं, वाळूचा एक पेटारा, शिंपले, आणि आठवड्यातून एकदा मानधन घेऊन शिकवायला येणारा भोई समाजातला जाणता माणूस. त्याला आधी खुर्ची द्या, मग इमारतीचं बघू.

आणि हे वाचणाऱ्या शेतकरी भावांना एक विनंती. येत्या उन्हाळ्यात तलावातला गाळ काढाल, तेव्हा सगळ्यांत खोल भाग तसाच राहू द्या. ट्रॉली रिकामी करताना एक माणूस बघायला उभा करा. कासव निघालं तर ते विकणाऱ्याच्या किंवा गुप्तधनवाल्याच्या हाती लागू देऊ नका. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर लगेच कळवा.