खांद्यावरची खाच

ब्राचा पट्टा काढल्यावर खांद्यावर दिसणारा वळ बहुतेकींचा तासाभरात जातो. काहींचा जात नाही. वर्षानुवर्षं काचून तिथे बोट बसेल एवढी खाच पडते, कातडी काळवंडते. स्तनाखालच्या घडीत घाम साचून चट्टे येतात. पावसाळ्यात ते ओले होतात, चुरचुरतात, त्यांना वास येतो. म्हणून कित्येकजणी तिथे सुती रुमालाची घडी ठेवतात आणि त्याबद्दल घरातसुद्धा बोलत नाहीत. मान आखडते, खांदे भरून येतात, रात्री हाताला मुंग्या येतात. कुणी बघू नये म्हणून पोक काढून चालायची सवय शाळेतच लागलेली असते. इतकं सोसून प्लास्टिक सर्जनसमोर बसल्यावरही बहुतेकींचा पहिला प्रश्न ‘माझं खरंच तेवढं मोठं आहे का?’ हाच असतो. स्तन लहान करण्याच्या शस्त्रक्रियेचा निकाल आकार पाहून लावायचा, ही समजूत त्या प्रश्नामागे आहे. बायकांच्या मनात ती रुजली आहे, डॉक्टरांच्या आणि विमा कंपन्यांच्या मनात तर त्याहून घट्ट. मला ती साफ चुकीची वाटते. त्रास किती आहे आणि तो जाण्यासाठी काय गमवायची तयारी आहे, या दोनच गोष्टींवर हा निर्णय व्हायला हवा.

किती ग्रॅम काढले यावर गरज ठरवायचा हिशेब आला कुठून, हे बघण्यासारखं आहे. सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया आणि उपचारासाठीची शस्त्रक्रिया वेगळी काढण्यासाठी विमा कंपन्यांना एक आकडा हवा होता. त्यातून अमेरिकेत एका बाजूने ५०० ग्रॅम काढले तरच पैसे, असा दंडक रूढ झाला. १९९१ मध्ये पॉल श्नुर या सर्जननी त्यात सुधारणा करून शरीराच्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळानुसार बदलणारा तक्ता मांडला. दीडशे सेंटिमीटर उंचीच्या, ५५ किलो वजनाच्या बाईचं क्षेत्रफळ साधारण दीड चौरस मीटर भरतं, आणि तिच्यासाठी त्या तक्त्यातली रेषा २६० ग्रॅमच्या आसपास येते. आपल्याकडच्या लहान चणीच्या बाईवर पाचशेचा नियम किती अन्याय करतो, हे एवढ्यावरूनच कळावं. पण हा तक्ताही सर्जनांना विचारून केलेला होता. कोण त्रासासाठी आली आणि कोण दिसण्यासाठी, हे सर्जननी सांगायचं. बायकांना प्रत्यक्ष विचारून झालेलं मोठं काम २००२ मध्ये ‘ब्राव्हो’ या अभ्यासातून प्रसिद्ध झालं. त्यात सात तक्रारी धरल्या होत्या: पाठीच्या वरच्या भागातलं दुखणं, मान, खांदे, हात, पट्ट्याच्या खाचा, चट्टे आणि बधिरपणा. यातल्या दोन किंवा अधिक तक्रारी बहुतेक वेळ सोबत असतील, तर शस्त्रक्रियेची वैद्यकीय गरज आहे असं धरावं, हा त्यातून निघालेला निष्कर्ष. शस्त्रक्रियेनंतर मिळालेल्या आरामाचा वजनाशी, कपच्या मापाशी किंवा काढलेल्या ग्रॅमशी संबंध दिसला नाही. वैद्यकीय गरजेची ही व्याख्या मांडणाऱ्या शोधनिबंधाच्या लेखकांत खुद्द श्नुर यांचंही नाव आहे.

यावर सर्वांत जास्त ऐकू येणारा आक्षेप म्हणजे ‘आधी वजन उतरव’. त्यात तथ्य आहे, पण जेवढं समजलं जातं तेवढं नाही. स्तनात चरबी असते आणि ग्रंथीही असतात, आणि त्यांचं प्रमाण बाईगणिक वेगळं. चरबीचा भाग जास्त असेल तर वजनाबरोबर आकारही उतरतो. ग्रंथींचा भाग जास्त असेल तर चेहरा आणि दंड उतरतात, छाती तशीच राहते. उतरली तरी ताणलेली कातडी लोंबते आणि घडीतले चट्टे तसेच राहतात. वजन जास्त असलं की जखम भरायला त्रास होतो, हे खरं. त्यासाठी वजन कमी करायला सर्जन म्हणून मीही सांगते, आणि मोठ्या प्रमाणात वजन उतरवायचा बेत असेल तर ते स्थिरावेपर्यंत थांबायलाही सांगते. सुरक्षिततेसाठी सांगणं वेगळं आणि ‘आधी लायक हो, मग ये’ असं सांगणं वेगळं. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेच्या निकषांत बीएमआय २७ च्या खाली आणि तोही वर्षभर स्थिर हवा, अशी अट आहे. मला ती दुसऱ्या प्रकारात मोडणारी वाटते. जिला पळणं, दोरीवरच्या उड्या, साधे सूर्यनमस्कारसुद्धा छातीच्या ओझ्यामुळे जमत नाहीत, तिला व्यायाम करून ये म्हणणं म्हणजे कुलूप लावून किल्ली आत ठेवणं. नीट मापाची ब्रा, फिजिओथेरपी, मलम हे सगळं जरूर करून पाहावं. मात्र त्याने टिकाऊ आराम मिळत नाही, असंच ‘ब्राव्हो’त दिसलं.

सर्जनच शस्त्रक्रियेची बाजू मांडणार, यात नवल काय, असं कुणी म्हणेल. शंका रास्त आहे, म्हणून माझ्या मतापेक्षा चाचण्यांकडे बघावं. ब्राझीलमध्ये साओ पावलोत १०० स्त्रियांची आणि फिनलंडमध्ये ८२ स्त्रियांची, चिठ्ठ्या टाकल्यासारखी, दोन गटांत वाटणी झाली. एका गटाची शस्त्रक्रिया आधी, दुसऱ्याने थांबायचं. दोन्हीकडे शस्त्रक्रिया झालेल्या गटाचं दुखणं स्पष्टपणे कमी झालं. शस्त्रक्रियेची मर्यादाही इथेच सांगते. मान दुखण्याचं मूळ मणक्याच्या झिजेत असेल, तर स्तन लहान करून ती झीज भरून येत नाही. दुखणं नेमकं कशाचं, हे आधी ठरवावं लागतं, आणि त्यासाठी प्लास्टिक सर्जनशिवाय आणखी कुणीतरी तपासलेलं बरं.

आता काय गमवावं लागतं ते. शस्त्रक्रियेच्या आधी बाई उभी असताना पेनने खुणा करतात, कारण आडवं झालं की स्तन बगलेकडे सरकतो आणि मापं फसतात. गळ्याखालच्या खळगीपासून रेघ, स्तनाखालच्या घडीची पातळी पुढे आणून ठरवलेली स्तनाग्राची नवी जागा, आणि तिथून खाली कुलपाच्या भोकासारखी आकृती. अमेरिकन सर्जन रॉबर्ट वाइज यांनी १९५६ मध्ये हा आराखडा मांडला तो ब्राचं कापड कसं बेततात ते पाहून. ब्लाऊजला टक्स घालणाऱ्या कुणालाही तो लगेच उमगेल: मधला भाग काढून दोन कडा जोडल्या की सपाट कापडाला गोलाई येते. आणि शिवण इथेही राहते. गडद वर्तुळाभोवती, तिथून सरळ खाली आणि घडीतून आडवी, अशी जहाजाच्या नांगराच्या आकाराची. आपल्या सावळ्या कातडीवर व्रण जाड होण्याची शक्यता गोऱ्या कातडीपेक्षा जास्त असते. वर्ष-दीड वर्षात तो फिकटतो, पुसला जात नाही. स्तनाग्राची संवेदना कमी होऊ शकते, क्वचित कायमची जाते. स्तनाग्र कापून वेगळं करत नाहीत. रक्तवाहिन्या आणि नसांसह ऊतींच्या एका देठावर जिवंत ठेवून वर सरकवतात. स्तन फारच मोठा असला तरच ते सुटं करून लावावं लागतं. तंबाखू या देठाचा शत्रू आहे, कारण निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात. सिगारेटबद्दल डॉक्टर विचारतात. मिश्रीबद्दल विचारत नाहीत, आणि ती व्यसनात धरली जात नसल्याने कुणी आपणहून सांगतही नाही. आधी चार आठवडे आणि नंतर जखम भरेपर्यंत मिश्री पूर्ण बंद हवी.

सगळ्यात जड प्रश्न दुधाचा. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात ५१ अभ्यास एकत्र तपासले गेले. स्तनाग्राखालचा ग्रंथींचा खांब पूर्ण राखणाऱ्या पद्धतींत स्तनपान जमण्याचं मध्यक प्रमाण १०० टक्के होतं, अर्धवट राखणाऱ्यांत ७५, आणि अजिबात न राखणाऱ्यांत ४ टक्के. म्हणजे ‘या शस्त्रक्रियेने दूध जातं’ हे सरसकट विधान चुकीचं आहे आणि ‘काही होत नाही’ हेही चुकीचं आहे; कोणती पद्धत वापरणार, यावर ते अवलंबून आहे. वर्ष-दोन वर्षांत मूल हवं असेल तर थांबावं, कारण गरोदरपणात आकार पुन्हा बदलतो. पण बावीस वर्षांच्या मुलीला ‘लग्न होऊ दे, मुलं होऊ देत, मग बघू’ असं सांगणाऱ्यांनी तिच्या दुखण्याची दहा-बारा वर्षंही हिशेबात धरावीत. अजून न जन्मलेल्या बाळाच्या दुधाचा विचार करताना बाईच्या आजच्या पाठीचा विचार कुणी करत नाही, हे मला खुपतं.

पैशाचं थोडक्यात. आपल्या विमा नियामकाच्या प्रमाणित अटींनुसार प्लास्टिक सर्जरीचा खर्च मिळत नाही. अपघात, भाजणं, कर्करोगानंतरची पुनर्रचना किंवा आरोग्याला असलेला थेट आणि तात्काळ धोका दूर करणारे आवश्यक उपचार, एवढेच अपवाद. दहा वर्षांच्या पाठदुखीला ‘तात्काळ’ ठरवणं कठीण. तरीही त्वचारोगतज्ज्ञ, अस्थिरोगतज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट यांचे कागद तारखांसह जपून ठेवावेत. त्याशिवाय दाव्यात मांडण्यासारखं हाती काहीच राहत नाही.

निकष त्रासाचा असेल, तर तो सांगू शकेल अशी एकच व्यक्ती आहे. सज्ञान बाईला स्वतःच्या शस्त्रक्रियेसाठी नवऱ्याची किंवा आई-वडिलांची संमती लागत नाही. सज्ञान मुलगी भुलीखाली असताना आईने दिलेली संमती ही त्या मुलीची संमती ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केलं आहे. सही करण्याआधी तिने सर्जनला विचारावं, की देठ कोणत्या बाजूचा, खांब राखणार का, काढलेला भाग पॅथॉलॉजीकडे जाणार का. आणि वय चाळिशीपुढे असेल तर आधी मॅमोग्राफी करून घ्यावी. घरच्यांची गरज नंतर लागते. सुमारे सहा आठवडे तिला भरलेली बादली, गॅसचा सिलिंडर आणि लहान मूल उचलता येत नाही. ते कोण उचलणार, हे तारीख घेण्याआधी घरात ठरलेलं असावं.