खंडेनवमीचे वंगण

खंडेनवमीला आपण शस्त्रे पूजतो. ज्यांच्या घरी शस्त्रे उरली नाहीत ते कोयता, विळी, शिवणयंत्र पूजतात आणि दाराशी वाहन असेल तर बहुधा पहिला मान त्यालाच मिळतो. दिव्याला हळदकुंकू, हँडलला झेंडूची माळ, चाकाखाली लिंबू. या पूजेविषयी मला आदर आहे. परंतु पूजा होते ती दिसणाऱ्या अंगांची, आणि वाहनाचा खरा भार वाहणारी अंगे बहुधा दिसतच नाहीत. हा विचार मनात येण्यास कारण झाली माझ्या भाच्याची मोटारसायकल.

भाचा खानापूर तालुक्यातील एका शाळेत शिक्षक आहे. घाटमाथ्यावरच्या त्या वाटा पावसाळाभर चिखलात रुतलेल्या असतात, म्हणून त्याने रानवाटांसाठीच घडवलेली उंच गाडी घेतली. सणावारी माझी बहीण तिच्याच मागच्या बैठकीवर बसून कणकुंबीच्या माउलीच्या दर्शनाला जाते. एके वर्षी ती म्हणू लागली, “अरे, हल्ली मागे बसले की फार दणके बसतात, कंबर धरते.” भाच्याचे उत्तर ठरलेले, “आई, रस्ताच तसा आहे, गाडी काय करणार?” रस्ता वाईट होता हे खरे, पण तो पूर्वीही तितकाच वाईट होता!

अशा गाडीच्या मागच्या चाकाला दोन बाजूंना दोन शॉक ॲब्सॉर्बर नसतात. मध्यभागी एकच असतो. १९७३ साली यामाहा कंपनीने ही रचना चिखलमातीतील शर्यतींत उतरवली आणि त्याच वर्षी हाकन अँडरसन या स्वीडिश स्वाराने तिच्या बळावर २५० सी.सी. वर्गाचे जगज्जेतेपद मिळवले. पुढे १९८० च्या सुमारास त्या एकुलत्या शॉक ॲब्सॉर्बरला एका लहानशा तरफेची आणि दुव्यांची जोड मिळाली. तरफेचा गुण असा की लहान खड्ड्यात ती मऊ वागते आणि मोठ्या आघाताला क्रमाक्रमाने कठोर होत जाते. शर्यतीच्या गाडीचे चाक सुमारे ३०० मिलिमीटर वरखाली होते, तेव्हा शॉक ॲब्सॉर्बरचा दांडा त्याच्या निम्म्याहूनही कमी सरकतो. हालचाल जितकी आटते तितका भार वाढतो, आणि तो सारा भार झेलतात तरफेच्या सांध्यांतील बेअरिंगे. त्यांत गोळ्या नसतात, अवघ्या दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या पोलादी सुया असतात.

या सुयांचे दुःख मोठे चमत्कारिक आहे. चाकाचे बेअरिंग अखंड फिरते, त्यामुळे ग्रीसही त्याच्याबरोबर फिरून सर्वत्र पोचते. तरफेचे बेअरिंग पुरता फेरा कधीच घेत नाही; थोडे पुढे, थोडे मागे, एवढीच त्याची धाव. त्याच सुया त्याच जागी भार घेतात, दाबाने बाजूला सरलेले ग्रीस परत येत नाही आणि धातूला धातू लागतो. शिवाय हे सांधे गाडीच्या पोटाखाली अगदी चिखलाच्या वाटेवर. धुलाईकेंद्रातील जोरकस फवारा त्यांच्यावर रोखला की रबरी सीलमधून पाणी आत शिरते आणि तिथेच मुक्काम करते.

बैलगाडीचा आस कोरडा पडला की त्याची कुरकुर दोन शेतांपलीकडे ऐकू येई. गाडीवान उतरे, वंगण घाली आणि पुढे निघे. हा सांधा मात्र मुका. तो कुरकुरत नाही, हळूहळू आखडत जातो. त्याची तक्रार प्रथम ऐकली ती माझ्या बहिणीच्या कमरेने.

अखेर दसऱ्याच्या आधी मिस्त्रीने सांधा उघडला. एक बोल्ट हातोडीने ठोकून काढावा लागला. आतल्या नळीवर सुयांचे चरे उमटले होते आणि ग्रीसच्या जागी गेरूसारखी तांबडी भुकटी होती. “आणखी एक पावसाळा गेला असता तर घाटात बोल्ट तुटायची पाळी आली असती, गुरुजी,” तो म्हणाला. भाचा काही बोलला नाही. दर्शनाला जाताना मागे कोण बसते हे त्याला सांगावे लागले नाही.

काम अवघड नाही, धीराचे आहे. इंजिनाखाली ठोकळा देऊन मागचे चाक अधांतरी करावे आणि ते दोन्ही हातांनी हलकेच वर उचलून पाहावे. ‘टक्’ असा ढिलेपणा जाणवला तर झीज झाली असे समजावे. आखडलेला सांधा मात्र अशी खूण देत नाही, म्हणून तो उघडूनच पाहावा लागतो. बोल्ट काढताना चाकाचा भार तोलून धरावा, म्हणजे तो अडत नाही. आतली नळी सावकाश ओढावी, कारण पुष्कळ बेअरिंगांत सुया सुट्या असतात आणि केवळ ग्रीसच्या चिकटपणाने जागी राहतात. जुने ग्रीस रॉकेलने धुऊन सर्व कोरडे करावे. सुयांवर गंजाचे खड्डे दिसले तर बेअरिंगच बदलावे. नवे ग्रीस जुनी जखम भरून काढत नाही. नंतर पाण्याला दाद न देणारे ग्रीस अंगठ्याने सुयांमध्ये दाबून भरावे, नळीला आणि सीलच्या ओठाला लावावे, आणि बोल्ट गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापानेच टॉर्कपान्याने आवळावा.

पाऊस ओसरतो आणि नवरात्र येते, हा योग मला फार अर्थपूर्ण वाटतो. चार महिने चिखल सोसलेल्या सांध्यांना उघडून पाहण्याचा काळ नेमका हाच. भाचा आता माळेच्या आदल्या दिवशी पाने घेऊन अंगणात बसतो. त्याचे हात कोपरापर्यंत काळे होतात आणि बहीण आत येण्यापूर्वी त्याला साबण देते. गेल्या खेपेस कणकुंबीहून परतल्यावर तिने प्रसाद वाटला, प्रवासाची हकीकत सांगितली. कमरेचा मात्र तीत उल्लेख नव्हता.