औषधाआधी तपासणी

दूध काढल्यापासून 48 मिनिटांच्या आत गाळून तापवलंच पाहिजे, हा आमच्याकडचा नियम. त्यानंतर त्यात जीव उत्पन्न होतात, असं धारच्या माझ्या सासूबाई सांगायच्या. त्यामुळे सूक्ष्म जीव ही गोष्ट आपल्याला सूक्ष्मदर्शकाने नव्याने शिकवली असं नाही. पण जनावर आजारी पडलं, की हा विचार आपण गोठ्याबाहेरच ठेवतो.

देवासजवळच्या गोशाळेत आम्ही काही जणी सेवेला जातो. मागच्या पावसाळ्यात तिथल्या एका गायीची कास सुजली, दुधात गुठळ्या आल्या. कासदाह, खेड्यात त्याला दगडी म्हणतात. गोठ्यातला माणूस म्हणाला, "सुई देऊन टाकू, बाई." डॉक्टर म्हणाले, "आधी दूध तपासू." आणि आमच्यातल्या एक मावशी हळूच म्हणाल्या, "पण जंतू मारायचे म्हणजे हिंसाच की गं!"

प्रश्न खोटा नव्हता. पण पंचेंद्रिय गाय डोळ्यांसमोर कण्हत असताना हात बांधून बसणं हीही दयाच का? श्रावकाला सगळी हिंसा टळत नाही. टाळता येते ती बेफिकिरी. तिलाच आपण यत्नाचार म्हणतो. मला वाटतं, प्रयोगशाळेतली तपासणी हा गोठ्यातला यत्नाचार आहे.

कसं ते बघा. चार सडांचं दूध चार वाट्यांच्या तबकात घेऊन त्यात औषध मिसळतात. जिथे सूज असेल तिथलं दूध चिकट, दाट होतं. पण जंतू कोणता, ते यातून कळत नाही. त्यासाठी सड स्पिरिटने पुसून, पहिल्या धारा टाकून, निर्जंतुक बाटलीत दूध घ्यायचं आणि बर्फात ठेवून पाठवायचं. तेही प्रतिजैविक देण्याआधी, नाहीतर जंतू वाढतच नाहीत. बशीत जंतू वाढवून त्यावर औषधांच्या चकत्या ठेवतात. जे औषध लागू पडतं, त्याच्याभोवती स्वच्छ वर्तुळ दिसतं. मग नेमकं तेच द्यायचं. अंदाजाने चार औषधं मारली, तर जंतू निर्ढावतात आणि गायही हकनाक सोसते.

गजकर्णाचंही तेच. ती बुरशी, तिला प्रतिजैविकाचा उपयोग नाही. डागाच्या कडेची खपली पोटॅशच्या द्रावणात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली बघितली, की निदान होतं.

आपण बायकांनी सर्वांत जपायचं ते ब्रुसेलापासून. गाय गाभडली की वार उचलायला, गोठा धुवायला उघड्या हातांनी आपणच जातो. त्यातून माणसाला पुन्हा पुन्हा येणारा ताप, सांधेदुखी जडते. म्हणून हातमोजे हवेत, रक्ताची तपासणी हवी, आणि 4 ते 8 महिन्यांच्या कालवडींना आयुष्यात एकदा द्यायची लस हवी. जिला रोग निघेल तिला आपण कसायाकडे धाडणार नाही; मग तिच्यासाठी वेगळा गोठा बांधणं हे आपलंच कर्तव्य ठरतं. नुसत्या अभयदानाच्या घोषणेने बाकीच्या गायी वाचत नाहीत.

धार आणि देवासकरांना महूचं पशुवैद्यक महाविद्यालय काही परदेश नाही. 1955 पासून ते तिथे आहे. पर्युषणात चाऱ्यासाठी पावती फाडणारे हात पुष्कळ असतात. आहारदानाइतकंच औषधदान मोठं, हे प्रवचनात आपण ऐकतोच. यंदा आमच्या मंडळाने चाऱ्याच्या पावतीशेजारी दुसरं पुस्तक ठेवलंय: बाटल्या, बर्फाचा डबा, हातमोजे आणि तपासणीचा खर्च. पहिली पावती त्या मावशींनीच फाडली.