तृषित भूमीचे स्तोत्र

वैशाखात तापीच्या खोऱ्यावरून झळा वाहू लागल्या, धुळ्याच्या पुलाखाली पांझरेचे पात्र म्हणजे नुसती तापलेली वाळू उरली, आणि भुसावळकडे जाणाऱ्या गाडीतले उतारू खिडक्यांच्या झडपा ओढून घेऊन एकमेकांशी बोलेनासे झाले, की खानदेशातल्या ख्रिस्ती मंडळीला स्तोत्रसंहितेतील त्रेसष्टाव्या स्तोत्राचा अर्थ कोणा भाष्यकाराने उकलून सांगावा लागत नाही. हे स्तोत्र दाविदाचे, आणि तो यहूदाच्या रानात असतानाचे, असे त्याच्या मथळ्यावर नमूद आहे. ते रान म्हणजे आपल्या सातपुड्यासारखे अरण्य नव्हे. तो खडकाळ, रुक्ष, निर्जल मुलूख आहे. अशा मुलुखात घशाला कोरड पडलेला हा मनुष्य देवापाशी पाणी मागत नाही, ही गोष्ट मला या स्तोत्रात सर्वांत विलक्षण वाटते. तो मागतो देवालाच. आणि ती मागणी तोंडातून बाहेर पडते न पडते तोच, परिस्थितीत तिळमात्र पालट झालेला नसताना, एखाद्या मेजवानीवरून उठलेल्या माणसाच्या समाधानाने तो गाऊ लागतो. हे समाधान त्याला कोठून मिळाले, याचा पत्ताही त्यानेच देऊन ठेवला आहे: पवित्रस्थानी, उपासनेत, इतरांच्या समवेत, त्याने देवाचे सामर्थ्य व वैभव पूर्वी पाहिले होते, आणि रानातल्या त्या रात्री तो त्या दर्शनावर जगत होता.

आपल्यापैकी बहुतेकांच्या प्रार्थनेचा आरंभ मामलेदार कचेरीच्या ओट्यावर होतो. अर्ज लिहून आणलेला असतो, त्यावर काय हवे ते कलमवार मांडलेले असते, आणि आत आपली पुकार केव्हा होईल इकडे कान असतो. यात अधर्म काही नाही. रोजची भाकर मागावयास प्रभूनेच शिकविले, आणि लेकराने बापापाशी मागू नये तर कोणापाशी मागावे? परंतु ज्याचा अर्ज मंजूर झाला तो पायऱ्या उतरता उतरता साहेबाला विसरतो, ज्याचा नामंजूर झाला तो गावभर साहेबाला दूषणे देत हिंडतो, आणि साहेबाच्या सहवासाची इच्छा मात्र दोघांपैकी एकाच्याही मनात कधी उगवलेली नसते. जो देवाला अशा रीतीने जन्मभर अर्ज देत राहिला त्याला पुष्कळ काही मिळाले असेल, पण देव मिळाला असे म्हणता येत नाही. आणि देवाखेरीज दुसऱ्या कशानेही मनुष्याच्या आत्म्याचे पोट भरत नाही, ही गोष्ट ख्रिस्ती उपासना शतकानुशतके दर रविवारी शांतपणे सांगत आली आहे.

खानदेशातल्या मंडळ्यांना ही गोष्ट जरा निराळ्या वाटेने वारशात मिळाली. वसई आणि गोवा यांच्या मानाने आमचा इतिहास अगदी अलीकडचा. फादर स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात रायतूर येथे छापले गेले, तेव्हा खानदेश बऱ्हाणपूरच्या मोगल सुभेदाराच्या अमलाखाली होता, आणि ख्रिस्ताचे नाव तापीकाठच्या माणसांच्या ओठी येण्यास अजून दोन-अडीचशे वर्षांचा अवकाश होता. १९०६ साली सरकारने खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे पाडले. पूर्वेकडे भुसावळ-जळगावच्या बाजूस ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सचे काम मूळ धरीत गेले, आणि पश्चिमेकडे धुळे, नंदुरबार, नवापूर या भागांत स्कँडिनेव्हियन मिशनांचे. फ्रेडरिक फ्रान्सन या स्वीडिश सुवार्तिकाने १८९० मध्ये स्थापन केलेले अलायन्स मिशन त्यांपैकीच एक. त्यांतल्या पूर्वेकडील मंडळ्यांचा मूळ पुरुष जो आल्बर्ट सिम्पसन, त्याच्या साऱ्या उपदेशाचे सार एका गोष्टीत साठविता येते: प्रथम त्याला देवापासून आशीर्वाद हवे होते, आरोग्य हवे होते, सामर्थ्य हवे होते, आणि पुढे त्याच्या ध्यानात आले की आपल्याला हवा होता तो दाता स्वतः. यावर त्याने गीत रचले, व्याख्याने दिली, आणि तेच शिकलेली माणसे आगबोटीने मुंबईस उतरून भुसावळच्या धुरकट स्थानकापर्यंत आली. त्यांच्या हातून चुका झाल्या असतील. परके पोशाख, परक्या चाली आणि क्वचित परका तोराही त्यांच्याबरोबर आला असेल. पण तृप्तीचा हा एक धडा त्यांनी आमच्या आजा-पणजांना प्रामाणिकपणे दिला, त्याबद्दल माझ्या मनात निखळ कृतज्ञता आहे.

तरीही परक्या चालीत गायिलेली तृप्ती घशाखाली पुरती उतरत नाही, आणि येथे नारायण वामन टिळकांचे ऋण मानल्यावाचून मराठी ख्रिस्ती मनुष्याला पुढे जाता येत नाही. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीचा खानदेशाशी संबंध जळगावच्या मातीतच जडला. १९०७ मध्ये जळगावास कविसंमेलन भरले; डॉक्टर कीर्तिकर अध्यक्ष होते; आणि तेथे धरणगावच्या एका सोळा-सतरा वर्षांच्या मुलाची, त्र्यंबक बापूजी ठोमरे याची, कविता ऐकून सारी सभा भारावली व त्याला बालकवी हे नाव मिळाले. पुढे हा मुलगा नगरास टिळकांच्या घरी जाऊन राहिला. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रां’त या ठोमऱ्यावर जी माया केली आहे ती वाचून माझ्या मनात नेहमी येते की, उपासनेची खरी परीक्षा त्या घराच्या ओसरीवर झाली. ज्या घरात सकाळ-संध्याकाळ देवाचे नाव घेतले जाते त्या घराचे दार पोरक्या, लहरी, हळव्या मुलासाठी उघडे असते की नाही? टिळकांचे उघडे होते. १९१८ च्या मे महिन्यात भादलीजवळ रेल्वेखाली त्या मुलाचा अंत झाला, आणि वर्षभरानेच, १९१९ च्या मे महिन्यात, टिळकही गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरात तिकडे अमेरिकेत सिम्पसनही निवर्तला.

मृत्यूच्या दोन वर्षे आधी, १९१७ साली, टिळकांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापिला होता. ख्रिस्ताच्या शिष्यांचा बंधुसंघ, बाप्तिस्मा झालेल्यांचा आणि न झालेल्यांचाही, अशी त्यांची त्यामागे कल्पना होती. तो दरबार त्यांच्या पश्चात फार काळ टिकला नाही. पण त्या नावाने माझी एक गाठ सुटली. कचेरीत मनुष्य कामापुरता जातो. दरबारात तो धन्याच्या दर्शनास जातो, आपल्या जागी उभा राहतो, आणि तेथे आपल्याला जागा आहे हाच त्याचा मान असतो. रविवारची उपासना मला तेव्हापासून दरबारासारखी दिसू लागली.

जळगावची असो की धुळ्याची, या उपासनेत बाहेरच्या माणसास चकित करील असे फारसे काही नसते. घंटा होते, वहाणा दाराशी राहतात, पुष्कळ ठिकाणी अजूनही स्त्रिया एका अंगास आणि पुरुष दुसऱ्या अंगास बसतात, मुले सतरंजीवर पुढे. पेटीचा भाता हलतो, तबलजी हातोडीने एकदोन ठोके देऊन सूर जुळवितो, आणि ‘उपासना संगीता’तील एखादे पद सुरू होते. विलायती चालीची गीतेही होतात, आणि ती ताठ बसून गायिली जातात. पण टिळकांचा अभंग निघाला, झांज वाजू लागली, की पाठीमागच्या बाकावरील वृद्धांच्या खांद्यांत आपोआप एक डोल येतो. मुक्ताईच्या कोथळी-मेहूणला आणि अमळनेरच्या सखाराम महाराजांच्या उत्सवाला ज्या खानदेशाने शतकानुशतके टाळ धरला, त्याच खानदेशाचे हे खांदे आहेत, आणि ख्रिस्ताने ते आहेत तसेच स्वीकारले आहेत, याचा मला मनापासून आनंद होतो. नंतर शास्त्रवाचन, प्रार्थना, कोणाची साक्ष, पाळकसाहेबांचा उपदेश, अर्पण, आशीर्वाद. उपदेश कधी लांबतो. वर पंखा कुरकुरतो. एखादे मूल रडते व त्याची आई त्याला घेऊन दाराशी जाते. आणि या सर्व साधेपणात, केव्हा ते नेमके सांगता येत नाही, माझ्या मनातल्या कलमवार मागण्यांचा कागद हातातून गळून पडलेला असतो. ज्या चिंता घेऊन मी आलो त्या सुटलेल्या नसतात. पण त्यांच्यापेक्षा फार मोठा, फार जुना, फार दयाळू असा कोणी समोर आहे, आणि त्याने मला ओळखले आहे, या जाणिवेने छातीवरचा भार हलका होतो. घरी एकट्याने प्रार्थना करताना ही अवस्था मला क्वचितच लाभते. शेजारच्या माणसाचा विश्वास आपल्या थकलेल्या विश्वासाला खांदा देतो, आणि पुढच्या रविवारी कदाचित त्याच्यासाठी आपण खांदा द्यावयाचा असतो. मंडळीवाचून देव शोधू म्हणणाऱ्यांच्या वाट्याला हे सुख येत नाही, असे मला स्पष्ट म्हणावेसे वाटते.

मंडळीचे जीवन केवळ गोड असते असे मी म्हणत नाही. जमाखर्चाच्या सभेत आवाज चढतात. पंचांच्या निवडणुकीवरून दोन घराण्यांत बोलणे बंद होते. मिशनच्या जुन्या मिळकतींचे दावे काही ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या कोर्टात पडून असतात, आणि त्या दाव्यांच्या कागदांत ख्रिस्ताचे नाव पाहून मान खाली जाते. पण याच मंडळीत उपकारस्तुतीचा सण येतो, आणि त्या दिवशी वेदीपुढे जे काही मांडले जाते ते पाहिल्याशिवाय खानदेशातील ख्रिस्ती मनुष्याचे अंतःकरण कळणार नाही. यावल-रावेरकडून केळीचे लोंगर, ज्वारीची कणसे, टोपलीभर भुईमूग, फुटलेल्या बोंडांसकट कपाशीची झाडे, भोपळे, अंडी, पाय बांधलेली एखादी कोंबडी. उपासनेनंतर लिलाव होतो, आणि दहा रुपयांचा भोपळा, ज्याने वाहिला त्याचाच शेजारी चढाओढीने दोनशेला घेऊन पुन्हा दान करतो.

ज्या साली आणेवारी पन्नास पैशांच्या खाली जाते, बोंडअळीने कपाशी नासते, किंवा पावसाचा खंड पडतो, त्या साली हा सण कोणी रद्द करीत नाही. टोपल्या लहान असतात, इतकेच. हबक्कूक संदेष्ट्याच्या ग्रंथाचा अखेरचा भाग त्या दिवशी वाचला जातो. अंजीर फुलले नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, शेतांनी अन्न दिले नाही, वाड्यात मेंढरू उरले नाही, अशी एकामागून एक हानी मोजून झाल्यावर तो संदेष्टा अखेर परमेश्वराच्या ठायी आनंद करण्याचा निश्चय प्रकट करतो. शहरी वाचकास हे काव्य वाटेल. ज्याच्या सातबाऱ्यावर सोसायटीचा बोजा चढलेला आहे असा मनुष्य ते उभा राहून वाचतो, मध्ये एकदा थांबून आवंढा गिळतो आणि शेवटपर्यंत वाचतो, तेव्हा ऐकणाऱ्यांपैकी कोणालाही त्यावर भाष्य ऐकण्याची गरज उरत नाही.

असेच एकदा रेल्वेतल्या एका निवृत्त कामगाराच्या विधवेशी बोलताना घडले. तिचा कर्ता मुलगा गेला होता. त्याच्या अंत्यविधीला मंडळी जमली, स्मशानभूमीत पदे गायिली, आणि पुढे कितीतरी संध्याकाळी कोणी ना कोणी तिच्या दारी डबा व स्तोत्रसंहिता घेऊन गेले. मी तिला विचारले, “काकू, या दिवसांत देवाजवळ काय मागता?” ती म्हणाली, “काय मागू रे बाबा? जो मागावा तो तर त्यानं नेला. आता नुसती त्याच्याजवळ जाऊन बसते. बसलं की बरं वाटतं.” दुःख तिच्या चेहऱ्यावर तसेच होते, तिने ते लपविले नव्हते, किंवा त्याला कोणते आध्यात्मिक नाव देऊन सजविलेही नव्हते. प्रभुभोजनाच्या रविवारी ती पहिल्या रांगेत येई, भाकरीचा तुकडा दोन्ही हातांच्या ओंजळीत घेई, आणि खाऊन झाल्यावर थोडा वेळ डोळे मिटून तशीच राही. वेस्टमिन्स्टरच्या पंडितांनी १६४७ साली आपल्या प्रश्नोत्तरावलीच्या आरंभीच, मनुष्याच्या जन्माचे प्रयोजन देवाचा गौरव करणे व सर्वकाळ त्याच्या ठायी आनंद पावणे हे होय, असे ठरविले. त्यांच्या सभेस ही काकू साक्षीला बसविली असती, तर ते कलम त्यांनी निःशंक मनाने मंजूर केले असते.

या तृप्तीचा खानदेशातील सर्वांत मोकळा आविष्कार मी पाहिला तो मात्र शहरात नव्हे. नंदुरबारचा जिल्हा १९९८ मध्ये धुळ्यापासून निराळा झाला. त्याच्या पश्चिम टोकाला नवापूर आणि चिंचपाड्याचे ख्रिस्ती रुग्णालय. या बाजूच्या पाड्यांवर मावची आणि भिल्ल मंडळ्या आहेत. पुष्कळ कुटुंबे पावसाळा सरला की ऊसतोडीसाठी गुजरातेत उतरतात, आणि उन्हाळ्यात परततात. परतल्यावर जी उपासना होते ती घड्याळावर चालत नाही. कुडाच्या भिंती, वर पत्रा किंवा कौल, शेणाने सारवलेली जमीन. ढोलाचा ठेका धरला जातो, आणि मावची बोलीत रचलेली गाणी सुरू होतात, ज्यांचा कर्ता कोण हे बहुधा गाणाऱ्यांनाही ठाऊक नसते. मराठी पदे त्यांना येतात, पण ती म्हणताना ते जरा सावध असतात, कचेरीत बोलल्याप्रमाणे. आणि आपल्या बोलीवर आले की बायका उभ्या राहतात, एकमेकींच्या कमरेला हात घालतात, म्हाताऱ्याही त्यांत सामील होतात, आणि एकेक गाणे अर्धा अर्धा तास चालते. अभंगांतून ख्रिस्ताला महाराष्ट्राच्या अंगणात आणण्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले ते टिळक आज असते, तर नवापूरच्या मुक्कामी त्यांनी आपला पुढचा प्रवास रद्द केला असता, सारवलेल्या जमिनीवर मांडी घालून बसले असते, आणि त्या बायकांपैकी कोणाला तरी गाठून एकेका मावची ओळीचा अर्थ विचारीत वही भरीत राहिले असते.